दोन आण्यांचा पडदा

सिनेमा लागला की त्याच्या गाण्याचं पुस्तक आलंच. आठ, बारा किंवा सोळा पानं, मध्ये दोन पिना, वर नायक-नायिकेचं रंगीत चित्र आणि किंमत एक आणा, फार तर दोन. तिकीट काढून आत शिरताना लोक ते घेत, अंधार होईपर्यंत चाळत, मध्यंतरात त्यानंच वारा घेत आणि घरी नेऊन गाणी पाठ होईपर्यंत उशाशी ठेवत. मग ते रद्दीत जाई. ज्यांनी ते छापलं त्यांचीही याहून मोठी अपेक्षा नव्हती. चित्रपट गावातून हलला की पुस्तकाचं काम संपलं.

आज तेच पुस्तक एखाद्या जुन्या पेटीत सापडलं तर चित्रपटाचा अभ्यासक धावत येतो. कारण अनेकदा तो चित्रपट जगात कुठेच उरलेला नसतो आणि त्याच्याबद्दल जे काही कळू शकतं ते या सोळा पानांतच असतं. ज्या वस्तूवर हजारो रुपये आणि शेकडो माणसांची मेहनत खर्ची पडली ती नाहीशी झाली आणि दोन आण्यांचा कागद मागे राहिला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तर जुन्या सिनेमाच्या खुणा शोधायच्या त्या असल्या कागदांवरच. इथे प्रभातसारखा स्टुडिओ नव्हता, नटनट्यांचे बंगले नव्हते. इथे प्रेक्षक होते आणि प्रेक्षकाच्या हाती राहिलं ते हे पुस्तक. ते वाचायचं कसं हे एकदा कळलं की माणूस थक्क होतो.

'आलम आरा'पासूनच सुरुवात करू. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात तो लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. अर्देशीर इराणींच्या या चित्रपटात सात गाणी होती. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी ज्यांनी केली त्या पी. के. नायर यांनी इराणींची गाठ घेतली होती. एखाद-दोन रिळं कुठेतरी पडलेली असतील, असं वृद्ध इराणींना वाटत होतं. पण त्यांच्या मुलानं नायरना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्या रिळांमधली चांदी काढून घेऊन ती केव्हाच निकालात निघाली होती.

सिनेमात चांदी कुठून आली? कृष्णधवल फिल्म म्हणजे सेल्युलॉइडची पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात विखुरलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. फिल्मवर जे काळं दिसतं ती खरोखरची चांदी असते. दाट केसांचा काळा रंग, डोळ्यातलं काजळ, रात्रीचं आकाश, सगळं चांदीचं. चित्रपट जुना झाला, त्याला गिऱ्हाईक उरलं नाही की रिळं वजनावर विकली जात आणि त्यातली चांदी गाळून घेतली जाई. बुलढाणा जिल्ह्यातल्याच खामगावच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. चांदीची बाजारपेठ म्हणून ज्या गावाचं नाव दूरवर आहे, तिथे जुनं मोडीत घालून नवं घडवणं ही रोजची गोष्ट आहे. १९३० सालच्या एखाद्या नटीचा चेहरा वितळून कुणाच्या तरी तोरड्यांत जाऊन बसला असेल, ही कल्पना माझ्या मनातून जात नाही.

चांदीसाठी गेली नाहीत ती रिळं दुसऱ्या वाटेनं गेली. साधारण १९५० पर्यंतची फिल्म नायट्रेटची असे. ती बंदुकीच्या दारूच्या नात्यातली. एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आणि पेटली नाही तरी डब्यात पडून पडून ती आधी चिकट होते, मग फुगते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट बनले. त्यातले पूर्ण अवस्थेत उरलेले हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. कागदाचे शत्रूही कमी नाहीत, पण कागद आपणहून पेट घेत नाही आणि त्यात गाळून घ्यावं असं काही नसतं. त्याच्या वाचण्याचं मूळ त्याच्या या किरकोळपणात आहे.

आता पुस्तक उघडू. पहिल्या पानावर चित्रसंस्थेचं नाव आणि बोधचिन्ह. प्रभातचं असेल तर तुतारी फुंकणारी स्त्री. मग श्रेयनामावली: दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिलेखक, कलादिग्दर्शक, नट आणि त्यांच्या भूमिका. नंतर कथासार. हिंदी चित्रपटाचं पुस्तक असेल तर हेच कथासार देवनागरीत, उर्दूत, गुजरातीत आणि इंग्रजीत असं शेजारी शेजारी छापलेलं सापडतं. उर्दूचं पान उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे काही पुस्तकं दोन्ही बाजूंनी उघडतात. आणि कथासार शेवटी मुद्दाम तोडलेलं असतं. नायिका संकटात, खलनायक दारात, आणि पुढचं काय ते रुपेरी पडद्यावर बघा! चित्रपटच हरवला असेल तर ते वाचताना जीव तुटतो. पुढचं दाखवणारा पडदाच उरलेला नाही.

त्यानंतर गाणी. माझ्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे. त्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. पडद्यावर पाच मिनिटं चाललेलं गाणं तबकडीवर आणताना एखादा अंतरा गाळावाच लागे. ज्यांची तबकडीच निघाली नाही अशी गाणी तर शेकड्यांनी. मदन थिएटर्सच्या 'इंद्रसभा'त (१९३२) सत्तरच्या आसपास गाणी होती, ती सगळी तबकडीवर कोण घेणार? गाळलेला अंतरा, कधीच न मुद्रित झालेलं गाणं, सेन्सॉरच्या कात्रीत गेलेलं गाणं, हे सगळं पुस्तकात मात्र जसंच्या तसं असतं. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी १९३१ ते १९८० या पन्नास वर्षांतल्या हिंदी चित्रपटगीतांचा पाच खंडी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला, त्याचा एक भक्कम आधार ही पुस्तकंच होती. दशकामागून दशक, चित्रपटामागून चित्रपट, गाण्यामागून गाणं. एका माणसाच्या पुढाकारानं हे झालं यावर विश्वास बसत नाही.

पुस्तकात काय नाही हेही बघायला हवं. गाणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. पार्श्वगायन रुळल्यावरही बरीच वर्षं गाणं पडद्यावर जो ओठ हलवील त्याचं, असाच रिवाज होता. 'महल'च्या (१९४९) तबकडीवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं, गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव होतं. आकाशवाणीकडे लोकांनी विचारणा सुरू केली, ही कामिनी कोण म्हणून. पुस्तकाच्या श्रेयनामावलीत गायकांची ओळ कधी उगवते, आधी तळाशी, मग हळूहळू वर कशी सरकते, हे वर्षावार लावून बघितलं तर पार्श्वगायकाच्या प्रतिष्ठेचा आलेखच समोर येतो. असा आलेख काढायला एक पुस्तक पुरत नाही, शंभर लागतात. म्हणून संग्राहक लागतो.

या पुस्तकांचा उगम शोधत गेलं तर आपण कोल्हापुरात पोचतो. बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार, नाटकाचे पडदे रंगवणारे. १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी रंगीत भित्तिपत्रक काढणं आणि प्रेक्षकाच्या हाती माहितीपुस्तिका देणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९२३ च्या 'वत्सलाहरण'चं भित्तिपत्रक त्या संदर्भात नेहमी सांगितलं जातं. मूकपटाच्या पुस्तिकेत अर्थातच गाणी नव्हती. कथा, चित्रं आणि नावं होती. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला आणि त्या पानांत पदांनी जागा घेतली. चित्रकाराच्या हातून जन्मल्यामुळे असेल, पण आपल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांत एक डौल आहे. चित्रपटाचं नाव खिळे जुळवून छापलेलं नसतं, ते हातानं काढलेलं असतं. पौराणिक असेल तर अक्षरांना नक्षी, रहस्यपट असेल तर अक्षरं तिरकी नि सावलीत.

हे सगळं बुलढाण्यापर्यंत पोचलं कसं? चित्रपटाच्या धंद्यात देशाचा नकाशा निराळा आहे. त्यात राज्यं नाहीत, टापू आहेत: मुंबई, निझाम, म्हैसूर, सी.पी.-बेरार. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे नाव १९५० साली इतिहासजमा झालं, वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं, पण चित्रपट वितरकांच्या बोलण्यात सी.पी.-बेरार अजून जिवंत आहे. सिनेमा आजही टापूवार विकत घेतला जातो. देऊळगाव राजाहून जालना किती जवळ! पण एसटीच्या त्या छोट्याशा प्रवासात तुम्ही सी.पी.-बेरारमधून निझाम टापूत गेलेले असता, कारण मराठवाडा धंद्याच्या हिशेबात अजून निझामाचाच. ज्या सीमा १९४८ आणि १९५६ साली पुसल्या गेल्या त्या चित्रपटाच्या खतावण्यांत राहिल्या.

सी.पी.-बेरार टापूची वितरणाची मोठी ठाणी म्हणजे भुसावळ आणि अमरावती. वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्यालय भुसावळलाच आहे. आता रेल्वेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. भुसावळ सोडलं की मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला आणि मग अमरावतीसाठी बडनेरा. बुलढाणा जिल्ह्याची उत्तर बाजू या दोन ठाण्यांच्या बरोबर मधोमध लोहमार्गावर बसलेली आहे. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० साली कापसासाठी टाकला गेला. ज्या मार्गावरून कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या त्याच मार्गावरून फिल्मचे पत्र्याचे डबे उलट दिशेनं आले आणि डब्यांच्या सोबतीनं भित्तिपत्रकं नि गाण्याच्या पुस्तकांचे गठ्ठेही. खुद्द बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचं आणि राजूर घाट चढायचा. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा तर त्याहून आत. रेल्वेकाठच्या गावात सिनेमा आधी यायचा आणि घाटावर उशिरा, हे ओघानंच आलं.

जिथे पक्कं थिएटर नव्हतं तिथे तंबू यायचा. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून टुरिंग टॉकीजनं दोन-तीन पिढ्यांना सिनेमा दाखवला: ट्रकवर प्रोजेक्टर, कनात, जमिनीवर बसकण, बाहेर भोंग्यावरून पुकारा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी यातल्या शेवटच्या काही तंबूंसोबत वर्षानुवर्षं फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि २०१६ साली तो कान महोत्सवात पोचला. तंबूतल्या प्रेक्षकाला गाणं एकदाच ऐकायला मिळे. घरी ना रेडिओ, ना ग्रामोफोन. अशा माणसासाठी पुस्तक म्हणजे ते गाणं घरी नेण्याचा एकमेव मार्ग. चाल डोक्यात, शब्द हातात.

गाणी घरी नेण्याची ही ओढ या जिल्ह्याला अनोळखी नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि मराठी भावगीताचं युग तिच्यापासून मोजलं जातं. ते सिनेमातलं गाणं नव्हतं. पण एका आडगावच्या कवीचे शब्द यंत्रातून निघून घराघरांत गुणगुणले जाऊ शकतात हे त्या तबकडीनं दाखवलं, आणि भोंग्यातून नीट न उमगलेला शब्द शेवटी कागदावरच शोधावा लागतो हेही.

चाहत्यांच्या हाती राहणारा असाच कागद याच्या थोडं आधीपासून हजारो मैलांवर, रशियातही छापला जात होता. मॉस्कोत १९०७ सालीच 'सिने-फोनो' हे चित्रपट व्यवसायाचं नियतकालिक सुरू झालं. निर्माते अलेक्सांद्र खानझोंकोव्ह यांनी १९१५ साली 'पेगास' नावाचं देखणं मासिक काढलं. तेव्हाची मोठी तारका वेरा खोलोदनाया. तिची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापून गावोगाव विकली जात. १९१९ च्या फेब्रुवारीत ओडेसात तापाच्या साथीत ती गेली, अवघी पंचवीस वर्षांची. तिच्या बहुतेक चित्रपटांचा आज मागमूस नाही, पण तिच्या अंत्ययात्रेचं चित्रण मात्र टिकलं. पोस्टकार्डंही टिकली, कारण ती लोकांनी आल्बमात लावून ठेवली होती. तिथेही तेच झालं: ज्यावर कंपनीचा ताबा होता ते गेलं आणि जे चाहत्याच्या घरी होतं ते राहिलं.

क्रांतीनंतर, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'किनोपेचात' आणि पुढे 'तेआकिनोपेचात' या प्रकाशनसंस्थेनं नटनट्यांवरच्या छोट्या स्वस्त पुस्तिका काढल्या. काही कोपेकांना मिळणाऱ्या. वर कापून जोडलेली छायाचित्रं, ठसठशीत भौमितिक अक्षरं. व्हिक्टर श्क्लोव्स्कीसारखा मातब्बर समीक्षकही या संस्थेसाठी लिहीत होता. आणि गंमत अशी की समाजवादी देशातल्या या पुस्तिकांवर चेहरे कुणाचे, तर इगोर इल्यिन्स्कीच्या बरोबरीनं मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांचेही! १९२६ च्या उन्हाळ्यात ही जोडी मॉस्कोला आली तेव्हा स्टेशनावर माणसांचा पूर लोटला. त्या भेटीचं चित्रण वापरून 'मेरी पिकफर्डचं चुंबन' (१९२७) नावाचा एक पूर्ण विनोदी चित्रपटच बनवला गेला. इल्यिन्स्कीनं रंगवलेल्या साध्यासुध्या तरुणाच्या गालावर मेरी ओठ टेकते आणि गाव त्याच्या मागे लागतं.

तोच फेअरबँक्स आपल्याकडेही लोकांच्या गळ्यातला ताईत होता. सरकारनं १९२७-२८ साली टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक समिती नेमली. देशभर साक्षी घेतल्यावर तिला आढळलं की हिंदुस्थानात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला चित्रपट होता त्याचा 'थीफ ऑफ बगदाद'. मॉस्कोचा कामगार आणि हिंदुस्थानातला प्रेक्षक एकाच माणसाच्या उड्या बघून टाळ्या वाजवत होते, आणि दोघांकडेही त्याचा चेहरा छापलेला स्वस्त कागद होता.

पुढे हा प्रवाह उलटा वाहिला. १९५४ साली 'आवारा' सोव्हिएत संघात लागला आणि तिथल्या आकडेवारीप्रमाणे सहा कोटींहून अधिक तिकिटं खपली. राज कपूर आणि नर्गिस यांची पोस्टकार्डं रशियन घरांत पोचली. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी मिळून 'परदेसी' केला. त्याची कथा अफानासी निकितिन या पंधराव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्याची. तो समुद्रमार्गे आला आणि उतरला आपल्या चौलला, तिथून जुन्नरला गेला. ओलेग स्त्रिझेनोव्ह आणि नर्गिस एकाच श्रेयनामावलीत, संगीत अनिल विश्वास यांचं. रशियन आणि भारतीय चाहत्यांच्या कागदांचे दोन संग्रह एकमेकांना कुठे भेटत असतील तर या चित्रपटापाशी. आणि 'सोव्हिएत देश' या नियतकालिकाचा गुळगुळीत मराठी अंक ज्यांच्या घरी आला त्यांना तो कागद हातानं ओळखता येतो, कारण त्याची कव्हरं शाळेच्या पुस्तकांना घातलेली असत.

आता संग्राहकाच्या कसबाकडे येतो. गाण्याच्या पुस्तकावर साल बहुधा नसतंच. मग ते ठरवायचं कसं? पहिली खूण किंमत. आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आसपासची किंवा आधीची छपाई, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ पासून 'नये' गळलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचं. पानं कमी, कागद पिवळट नि खरखरीत, अक्षरं दाटीवाटीनं बसवलेली दिसली तर दुसऱ्या महायुद्धातली कागदटंचाई आठवावी. त्या काळात कच्च्या फिल्मचीही इतकी टंचाई होती की सरकारनं चित्रपटाची लांबीच ११,००० फुटांवर बांधून टाकली. पडदा आखडला तसं पुस्तकही आखडलं.

दुसरं साधन भिंग. छापलेल्या छायाचित्रावर भिंग धरलं की चेहरा विरघळतो आणि ठिपके उरतात. काळा रंग देऊ शकणाऱ्या यंत्राला करडा रंग देता येत नाही. म्हणून छायाचित्र जाळीतून घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करतात आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक बनवतात. मोठे ठिपके म्हणजे सावली, बारीक म्हणजे उजेड. बाकी काम आपला डोळा करतो. कागद जितका हलका तितकी जाळी जाड, त्यामुळे स्वस्त पुस्तकातली नायिका जवळून बघितली तर दिसेनाशी होते. मजकुराची गोष्ट वेगळी. जुना मजकूर शिशाच्या खिळ्यांनी दाबून छापलेला असतो, पानाच्या मागून बोट फिरवलं तर उठाव लागतो आणि भिंगाखाली अक्षराची कड सलग दिसते. अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसली तर समजावं की हे जुन्या प्रतीवरून केलेलं पुनर्मुद्रण आहे. बाजारात तशी पुष्कळ येतात. फसवणूक ओळखायला भिंग आणि बोट एवढंच पुरतं, हे मला फार आवडतं.

आणि आता माझा आग्रहाचा मुद्दा. बरेच संग्राहक कोरी करकरीत प्रत शोधतात. लिहिलेली, शिक्का मारलेली, डाग पडलेली प्रत त्यांना दुय्यम वाटते. मला हे मुळीच पटत नाही. कोरी प्रत आपल्याला मुंबईच्या छापखान्याबद्दल सांगते. वापरलेली प्रत वापरणाऱ्याबद्दल सांगते. थिएटरचा जांभळा शिक्का, वितरकाच्या गावाचं नाव, आवडत्या गाण्यावर पेन्सिलीची खूण, कुणीतरी शाईनं घातलेली तारीख, कथासाराच्या तुटलेल्या टोकाखाली बघून आल्यावर लिहिलेला शेवट, उर्दू पानावर एका हस्ताक्षरात आणि देवनागरी पानावर दुसऱ्याच हस्ताक्षरात केलेल्या नोंदी. एवढ्या खुणा असतील तर ते पुस्तक कुणाच्या घरी होतं आणि तिथे काय वाचलं जात होतं हे कळतं. चित्रपट कोणत्या साली मुंबईत लागला ते कोशात सापडतं. तो घाट चढून बुलढाण्याला कधी आला ते अशा शिक्क्यावर आणि तारखेवरच सापडणार. खोडरबर हातात घेऊन 'स्वच्छ' केलेलं पुस्तक म्हणजे अर्धा इतिहास पुसलेलं पुस्तक.

जपणूक अवघड नाही, घाई मात्र नको. असला कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातलं आम्ल त्याला आतून खातं. उजेडानं तो आणखी लवकर पिवळा पडतो. कोकणात बुरशीची भीती, तर वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कागद वाळून कडा पापडासारख्या तुटण्याची. म्हणून पत्र्याखालचा माळा सगळ्यात वाईट आणि जाड भिंतीच्या खोलीतलं जमिनीपासून वर असलेलं कपाट चांगलं. गंजलेल्या पिना नखानं सरळ करून अलगद काढाव्यात, ओढू नयेत. सेलोटेप कधीही लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर कागदाला कायमचं कोंडतं, ते पुन्हा सोडवता येत नाही. कसर लागू नये म्हणून आपल्या घरांतून वेखंड नि कडुलिंबाचा पाला ठेवायची पद्धत आहे, पण पाला कागदाला चिकटू देऊ नये, पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावा.

सत्तरच्या दशकानंतर या पुस्तकांची गरज ओसरत गेली. रेडिओ घरोघर झाला होता, मग कॅसेट आली, आणि गाणं हवं तेव्हा पुन्हा ऐकता येऊ लागलं. एसटी स्टँडवर आणि जत्रेत दहा-वीस चित्रपटांची गाणी एकत्र छापलेल्या चोपड्या त्यानंतरही विकल्या गेल्या. संग्राहक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांवर निर्मात्याचं नाव नाही, चित्रं पुसट, चुका भरपूर. मला वाटतं, वीस वर्षांनी त्यांचाच शोध सुरू होईल, कारण कोणत्या चित्रपटातली कोणती गाणी गावातल्या माणसाला हवी होती ते निर्मात्यानं नव्हे, स्टँडवरच्या विक्रेत्यानं ओळखलेलं असे.

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं. तिथे फिल्मच्या जोडीनं भित्तिपत्रकं, छायाचित्रं आणि ही गाण्याची पुस्तकंही सांभाळली जातात. पण संग्रहालयाला पुस्तक मिळतं ते बहुधा तीन-चार हात बदलून. घरातून रद्दीवाल्याकडे, तिथून जुन्या बाजारात, मग व्यापाऱ्याकडे. या वाटेत पहिल्यांदा गळतं ते गावाचं नाव. म्हणून मलकापूर, चिखली, मेहकर किंवा जळगाव जामोदच्या एखाद्या घरी दिवाळीच्या आवराआवरीत पत्र्याची पेटी निघाली आणि तळाशी अशी पुस्तकं सापडली, तर ती ज्या क्रमानं रचलेली आहेत त्याच क्रमानं आधी मोबाइलवर त्यांचे फोटो काढावेत. क्रमसुद्धा बोलतो, कारण पेटी भरणाऱ्यानं बहुतेक वेळा सिनेमे बघितले त्या क्रमानंच पुस्तकं टाकलेली असतात. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवावं आणि एकेक मुखपृष्ठ दाखवत विचारावं: हा कुठे बघितला, कुणाबरोबर, बैलगाडीनं गेला होता की पायी, पुस्तक कितीला घेतलं. उत्तरं पुस्तकावर लिहू नयेत. वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं लिहावीत आणि तो कागद पुस्तकासोबत ठेवावा. गावाचं नाव सगळ्यात आधी.